'सोर्सच्या जागा पाठव' : मेंदू-इमेजिंगमधल्या शब्दांचा घोळ

अवरक्ता

मागच्या महिन्यात मी एका सहकाऱ्याला एका ओळीचा निरोप धाडला: "सोर्सच्या जागा पाठव, मी मॉडेलमध्ये टाकते." दोन दिवसांनी त्याची नीटनेटकी फाईल आली. मी ती लावली, चालवली, आणि बघते तर आमचे दिवे कवटीच्या आत तीन-चार सेंटिमीटर खोल जाऊन बसलेले. आधी वाटलं अक्षांची अदलाबदल झाली. मग मिलिमीटर-सेंटिमीटरचा घोळ शोधला. एक अख्खा दिवस त्यात गेला. चूक कुठेच नव्हती. तो ईईजीवाला आहे, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतली विद्युत हालचाल नोंदवणारा. त्याच्या लेखी सोर्स म्हणजे मेंदूतली ती जागा, जिथून विद्युत सिग्नल निघतो असं गणित सांगतं. मी एफनिर्सवाली. माझ्या लेखी सोर्स म्हणजे टोपीत खोचलेला दिवा.

एफनिर्स ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पूर्ण नाव फंक्शनल निअर-इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी. साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश त्वचा आणि कवटी ओलांडून आत शिरू शकतो. डोक्यावर एका जागी दिवा, तिथून तीनेक सेंटिमीटरवर डिटेक्टर. आत गेलेला प्रकाश विखुरत, धडपडत फिरतो आणि त्यातला अगदी नगण्य वाटा वळून डिटेक्टरपर्यंत पोचतो. वाटेत ऑक्सिजनवालं आणि बिनऑक्सिजनचं हिमोग्लोबिन तो कमी-जास्त शोषतं, त्यावरून तिथल्या रक्तातला बदल कळतो. फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये 'सायन्स'मध्ये हे शक्य असल्याचं दाखवलं, आणि माणसांच्या मेंदूचं कामकाज यातून बघण्याचे पहिले प्रयोग १९९३ च्या सुमाराचे. म्हणजे शाखा तशी तरुण. आणि माणसं आली चहूकडून: ऑप्टिक्सवाले, शरीरक्रियावाले, मानसशास्त्रवाले, नवजात बाळांचे डॉक्टर, सिग्नलवाले, संख्याशास्त्रवाले. जो तो आपापले शब्द घेऊन आत आला, दाराशी कुणीच काढून ठेवले नाहीत.

तर या प्रकारानंतर गटात ठरलं की एक सामाईक शब्दसूची करायची. तक्रार मी केली होती, त्यामुळे काम कुणाच्या गळ्यात पडलं ते सांगायला नको. शीटमध्ये साठ शब्द भरले. पहिले तीन एका दुपारी उरकले. चौथ्या ओळीवर तीन आठवडे झाले, गाडी तिथेच. चौथी ओळ: 'चॅनेल'.

हा उद्योग इथे कुणी केलाय का? कसा निभावलात? आणि तुमच्याकडे सगळ्यात जास्त छळणारा शब्द कुठला?

वाचनमात्र

वाचतोय. मी या क्षेत्रातला नाही, म्हणून बाळबोध प्रश्न: चार शहाणी माणसं बसवून एकदाच ठरवून का टाकत नाही? सोर्स म्हणजे हे, विषय संपला.

गणितकिडा

माझं मत 'कॉन्ट्रास्ट'ला.

एका एमआरआय अभ्यासाच्या नियोजनाची बैठक. डॉक्टरांनी विचारलं, "यात कॉन्ट्रास्ट लागणार आहे का?" मी उत्साहात म्हटलं, "हो, निदान चार तरी लागतील." त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांच्या डोक्यात शिरेतून टोचायचं गॅडोलिनियमचं औषध. माझ्या डोक्यात 'उजवा हात वजा डावा हात' अशी १ आणि −१ ची ओळ. शेजारी एमआरआयचे भौतिकशास्त्रवाले, ते म्हणाले, "कॉन्ट्रास्ट चांगलाच आहे की, कालच बघितला." त्यांना म्हणायचं होतं की करडा आणि पांढरा भाग चित्रात छान वेगळा दिसतोय. पंधरा मिनिटं आम्ही तिघं एकमेकांशी सहमत होत होतो.

दुसरा नंबर 'सेन्सिटिव्हिटी'चा. निदानाच्या भाषेत, खरोखर आजारी असलेल्यांपैकी चाचणीने किती पकडले ते प्रमाण. ऑप्टिक्सच्या भाषेत, मेंदूत अमुक ठिकाणी शोषण किंचित बदललं तर डिटेक्टरवर किती फरक पडेल ते. दोन्ही अर्थ एकाच पेपरच्या एकाच पानावर आलेले मी पाहिलेत. 'नॉर्मलायझेशन'बद्दल बोलत नाही, रात्र पुरणार नाही.

तारायंत्र

@अवरक्ता, तो ईईजीवाला मी नव्हे, पण असतो तर हेच केलं असतं. :) 'सोर्स' आमचा हो. हान्स बर्गर यांनी माणसाचा ईईजी १९२४ मध्ये नोंदवला, १९२९ मध्ये छापला. तुम्ही १९७७ चे. ज्येष्ठता बघा जरा.

'चॅनेल'ही आमचाच. आमच्याकडे सरळ हिशोब: एक इलेक्ट्रोड, एक चॅनेल. ६४ इलेक्ट्रोडची टोपी म्हणजे ६४ चॅनेल. तुम्ही दिवा-डिटेक्टरची एकेक जोडी मोजता, त्यामुळे तुमच्या टोपीत सोळा दिवे, सोळा डिटेक्टर आणि 'चॅनेल ४४' असं लिहिलेलं बघितलं की आमच्यासारख्याला आधी वाटतं छपाईची चूक आहे.

@वाचनमात्र, चार शहाण्यांनी ठरवल्यावर काय होतं त्याचं घरचं उदाहरण देतो. डोक्यावरच्या जागांना नावं देण्याची टेन-ट्वेंटी पद्धत हर्बर्ट जॅस्पर यांच्या १९५८ च्या अहवालातून आली. कानाच्या वर टी३ आणि टी४, त्यामागे टी५ आणि टी६. पुढे इलेक्ट्रोड वाढले, मधल्या जागांनाही नावं हवी झाली, आणि टेन-टेन पद्धतीत टी३-टी४ चे टी७-टी८ झाले, टी५-टी६ चे पी७-पी८. कारण रास्त होतं, एका रांगेत एक अक्षर आणि एका स्तंभात एक आकडा. पण जुनी नावं गेली का? छे. रुग्णालयांच्या अहवालांत टी३ अजून सर्रास दिसतो. एका विद्यार्थिनीने दोन पेपरांची तुलना करून निष्कर्ष काढला होता की परिणाम 'टी५ वरून पी७ कडे सरकलेला दिसतो'. एकच जागा! परिणाम तसूभरही हलला नव्हता, फक्त नाव बदललं होतं.

वाचनमात्र

हहपुवा. प्रश्न मागे घेतो.

अवरक्ता

@तारायंत्र, ज्येष्ठतेवर गेलो तर 'प्रकाशाचा सोर्स' तुमच्या-आमच्या आधीपासून भौतिकशास्त्राच्या पुस्तकात बसलेला आहे, तेव्हा तो हट्ट सोडा. चॅनेलवर येतेच, आधी आमचं स्वतःचं घर किती विस्कटलेलं आहे ते सांगते.

आम्ही मुळात दोनच गोष्टी मोजतो. त्यातल्या पहिलीला कुणी एचबीओ म्हणतं, कुणी एचबीओटू, कुणी ओटूएचबी, कुणी ऑक्सी-एचबी. दुसरीला एचबीआर, एचएचबी, डीऑक्सी-एचबी. तंत्राचं नावही एक नाही. कुणी एफनिर्स, कुणी नुसतं निर्स, कुणी ऑप्टिकल टोपोग्राफी, कुणी डिफ्यूज ऑप्टिकल इमेजिंग. जुनं साहित्य शोधायला बसलं की एका नावाने शोधून कधीच भागत नाही. एकदा मी आढाव्यासाठी शोध घेतला आणि रिव्ह्यूअरने कळवलं की ऑप्टिकल टोपोग्राफीचे पेपर सगळेच्या सगळे सुटलेत.

नावांपेक्षा एकक बेकार. प्रकाश सरळ रेषेत जात नाही, त्यामुळे त्याने खरा किती प्रवास केला ते थेट ठाऊक नसतं. १९८८ मध्ये डेल्पी आणि सहकाऱ्यांनी यासाठी बिअर-लँबर्टच्या नियमात दुरुस्ती सुचवली, दिवा-डिटेक्टरमधल्या अंतराला एका गुणकाने गुणायचं. मोठ्या माणसाच्या डोक्यासाठी तो सहाच्या आसपास धरतात. ज्यांनी गुणक धरला त्यांचं उत्तर मायक्रोमोलरमध्ये येतं. ज्यांनी 'आम्हाला कुठे ठाऊक आहे' म्हणून धरला नाही, त्यांचं मायक्रोमोलर-गुणिले-मिलिमीटरमध्ये. दोघंही अक्षावर लिहितात 'हिमोग्लोबिन कॉन्सन्ट्रेशनमधला बदल'. आकडे शेजारी ठेवले की एकाचा मेंदू दुसऱ्याच्या कितीतरी पट उत्साही वाटतो.

'कॉन्सन्ट्रेशन'वरून आठवलं. प्रयोगात भाग घेणाऱ्यांसाठी मराठीतून माहितीपत्रक करून घेतलं होतं. अनुवादकाने लिहिलं होतं: "या उपकरणाने तुमच्या रक्तातील हिमोग्लोबिनची एकाग्रता मोजली जाईल." पाठ्यपुस्तकातला 'संहती' त्यांना सुचला नाही. सुचला असता तरी वाचणाऱ्याला कळला असता का, हा प्रश्नच आहे. शेवटी 'प्रमाण' लिहिलं. एक बाई मात्र प्रामाणिकपणे विचारून गेल्या, "म्हणजे माझं लक्ष नसलं तर तुमचं मशीन ओळखणार?"

नाडीवाले

हिमोग्लोबिनची एकाग्रता माझ्या सहीच्या खाली लिहून ठेवण्यासारखी आहे.

डॉक्टर म्हणून एक भर. एचबीआरमधला आर म्हणजे 'रिड्यूस्ड'. ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनचं हे जुनं नाव. मी एकाला 'रिड्यूस्ड हिमोग्लोबिन वाढलं' हे वाक्य तीनदा वाचताना पाहिलंय. कमी झालेलं वाढलं म्हणजे काय? त्याचा जुळा भाऊ 'ऑक्सिडाइज्ड'. काही जण ऑक्सिजनेटेड म्हणायच्या जागी बिनधास्त ऑक्सिडाइज्ड लिहितात. लोह ऑक्सिडाइज झालं तर मेथहिमोग्लोबिन होतं, आणि ते ऑक्सिजन वाहूच शकत नाही. शब्दात दोन अक्षरांचा फरक, रुग्णाच्या बाबतीत अतिदक्षता विभागाचा.

पण मला सगळ्यात धास्ती वाटते ती दोन साध्या शब्दांची: डावा आणि उजवा. रेडिओलॉजीत आडवा छेद बघायची रीत अशी की तुम्ही रुग्णाच्या पायाशी उभे राहून बघताय, म्हणजे त्याची डावी बाजू तुमच्या उजव्या हाताला. मेंदूसंशोधनातल्या बऱ्याच मंडळींची रीत उलटी, डावं ते डावीकडेच. दोन्ही रीती आपापल्या जागी ठीक. पण ॲनालाइझ नावाच्या जुन्या फाईल-प्रकारात बाजू कुठली ते निःसंदिग्ध नोंदवायची सोयच नव्हती, नंतर निफ्टी हा नवा फाईल-प्रकार आल्यावर दिशा फाईलमध्येच लिहिली जाऊ लागली. तरीसुद्धा स्कॅन करताना कपाळाच्या एका बाजूला ई-जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटवणारे लोक आहेत. तेलकट असल्याने ती एमआरआयमध्ये पांढरीशुभ्र चमकते, आणि ठिपका दिसला की ती उजवी बाजू असं आधीच ठरलेलं असतं. माझा तुमच्या सगळ्या शब्दसूच्यांपेक्षा त्या कॅप्सूलवर जास्त विश्वास आहे.

खडूस

सगळ्यांच्या गमती वाचल्या. आता थोडं पाणी ओततो.

शब्द एक केल्याने विज्ञान एक होत नाही. २०२० मध्ये 'नेचर'मध्ये आलेला तो प्रयोग आठवा. एकच एफएमआरआय (मेंदूचं कामकाज टिपणारा एमआरआय) डेटा ७० गटांना दिला, तपासायची नऊ विधानं तीच दिली. कुठल्याही दोन गटांची विश्लेषणाची पद्धत तंतोतंत जुळली नाही आणि काही विधानांवर उत्तरंही वेगळी आली. त्या मंडळींना 'व्हॉक्सेल' (स्कॅनमधला छोटा त्रिमितीय ठोकळा) म्हणजे काय ते माहीत नव्हतं का? माहीत होतं. शब्दसूचीने काय फरक पडला असता?

दुसरं. हा प्रकार तुम्ही पहिल्यांदा करत नाही आहात. एफनिर्सवाल्यांनी सामूहिक सहमतीने शब्दकोश केलेला आहे, तो 'न्यूरोफोटॉनिक्स' या नियतकालिकात आलाय. तो घ्या आणि कामाला लागा. प्रत्येक गट आपली सूची करू लागला तर दहा वर्षांनी सूच्यांची सूची करावी लागेल.

मनकवडी

@खडूस, तुमचा मुद्दा निम्मा पटला. माझ्याकडून नेमका उरलेला निम्मा.

आम्हा मानसशास्त्रवाल्यांत भांडण शब्दाच्या अर्थाचं नसतं, वस्तू एक आहे की दोन याचंच असतं. एन-बॅक म्हणजे ठरावीक, समजा दोन, पायऱ्यांपूर्वीचं अक्षर आठवायचं ते काम. सरसकट लिहितात 'वर्किंग मेमरी मोजली'. मोजलं ते एन-बॅकमधलं यश. मधली उडी न सांगता मारलेली असते. पोल्ड्रॅक आणि मंडळींनी २०११ मध्ये कॉग्निटिव्ह ॲटलस नावाचा मनोव्यापारांचा कोश मांडला, त्यात मला आवडलेली गोष्ट एवढीच की मनातली प्रक्रिया आणि ती जोखायला दिलेलं काम यांचे कप्पे मुळातच वेगळे ठेवलेत. कप्पे वेगळे केले की लिहिणाऱ्याला उडी मारताना निदान दिसते.

उलटा प्रकारही आहे. मेंदूच्या पुढच्या-मधल्या भागातलं, एकत्र काम करणाऱ्या जागांचं एक जाळं एका पेपरात 'सेलियन्स', दुसऱ्यात 'सिंग्युलो-ऑपर्क्युलर', तिसऱ्यात जवळपास तेच 'व्हेंट्रल अटेन्शन'. २०१९ मध्ये उद्दिन वगैरेंनी सुचवलं की जाळ्यांना आधी शरीररचनेवरून नाव द्या, ते काय काम करतं ते नंतर म्हणा. कारण 'अटेन्शन नेटवर्क' असं एकदा बारसं झालं की ते पेटलेलं दिसताच लोक लिहितात 'सहभागींनी लक्ष दिलं'. नाव ठेवलं आणि निष्कर्षही त्यातच उरकला.

अवरक्ता

@खडूस, तो कोश आम्ही पाहिलाय आणि एफनिर्सपुरता तोच प्रमाण धरलाय, नव्याने काही शिजवत नाही. आमची अडचण एका खोलीतली आहे. एकाच माणसाच्या डोक्यावर एकाच वेळी ईईजी आणि एफनिर्स, आधी काढलेला एमआरआय, आणि कामं मनकवडींसारख्या कुणीतरी ठरवलेली. एका शाखेचा कोश तिथे पुरत नाही.

आणि 'काय फरक पडला असता' याचं उत्तर आमच्या एका खेळातून मिळालं, ते सांगते. 'ॲक्टिव्हेशन' या शब्दाची व्याख्या चौघांनी एकमेकांचं न बघता चिठ्ठीवर लिहायची असं ठरवलं. पाच मिनिटं दिली. चिठ्ठ्या माझ्या टेबलाच्या काचेखाली अजून आहेत.

ईईजीवाल्याची: "पुष्कळ न्यूरॉन एका तालात काम करू लागतात ते."
शरीरक्रियावालीची: "ऑक्सी वर, डीऑक्सी खाली, पाच-सहा सेकंदांनी शिखर."
संख्याशास्त्रवाल्याची: "टी-मूल्य उंबरठ्याच्या वर." खाली बारीक अक्षरात, "दुरुस्तीनंतर."
मानसशास्त्रवालीची: "तो भाग त्या कामात वापरला जातोय."

यात एकही चिठ्ठी चुकीची नाही. मग मी प्रश्न टाकला: एका चॅनेलमध्ये ऑक्सी झक्कपैकी वर गेलं, पण डीऑक्सी जागचं हललं नाही. हे ॲक्टिव्हेशन का? दोघं हो म्हणाले. शरीरक्रियावाली ठाम नाही म्हणाली: डीऑक्सी उतरलं नसेल तर हा नुसता टाळूच्या कातडीतला रक्तप्रवाह असू शकतो, माणूस जरा ताणात आला की तेवढं होतंच. मानसशास्त्रवालीने विचारलं, "काम कुठलं होतं?"

त्याच आठवड्यात आमचा एक मसुदा पाठवायला तयार होता आणि त्यात वाक्य होतं, 'सात चॅनेलमध्ये ॲक्टिव्हेशन आढळलं'. शरीरक्रियावालीच्या चिठ्ठीने मोजलं तर चारच उरत होते. सात लिहिणारा आणि चार धरणारी, दोघंही त्या मसुद्याचे लेखक! चार महिने दोघांनी तेच वाक्य वाचून मान डोलावली होती. मसुद्यात आता 'ॲक्टिव्हेशन' हा शब्दच नाही. ऑक्सीचं काय झालं, डीऑक्सीचं काय झालं, दोन्ही वेगवेगळं लिहिलंय. पेपर एक पान लांबला आणि दावा तीन चॅनेलने आखूड झाला.

त्या ७० गटांची पद्धत यामुळे एक झाली नसती, कबूल. पण ते वेगळे नेमके कुठे पडले, ते त्यांचा मजकूर वाचूनच कळलं असतं.

खडूस

चिठ्ठ्यांचा खेळ चोरण्यात आला आहे. पाणी ओतणं तूर्त थांबवतो.

फाईलबाबू

उशिरा आलो. मी संशोधक नाही, डेटा सांभाळतो, त्यामुळे माझं दुखणं वेगळं. मला कोशातली व्याख्या कुणी वाचत नाही याची सवय आहे. फाईलचं नाव मात्र सगळ्यांना वाचावं लागतं.

आमच्याकडे पूर्वी 'रन', 'सेशन', 'ब्लॉक', 'स्कॅन' हे चारही शब्द जो तो लहरीप्रमाणे वापरायचा. एकाचं 'सेशन २' म्हणजे पुढच्या आठवड्याची भेट, दुसऱ्याचं 'सेशन २' म्हणजे चहा पिऊन आल्यावरचा दुसरा भाग. मग २०१६ मध्ये बिड्स आलं, मेंदूच्या इमेजिंगचा डेटा कसा मांडायचा त्याची सर्वमान्य पद्धत. त्यात फाईलच्या नावातच ठरलेल्या क्रमाने सहभागी, सेशन, काम, रन लिहायचं. सोबत तपासनीस प्रोग्रॅम. चूक केली की तो लाल अक्षरात ओरडतो. सहा महिन्यांत मंडळी बोलतानासुद्धा सेशन आणि रन बरोबर वापरायला लागली. जे काम दोन कार्यशाळांनी झालं नव्हतं ते लाल अक्षरांनी केलं.

आता चॅनेलचं. बिड्समध्ये ईईजीसाठी इलेक्ट्रोडची फाईल वेगळी आणि चॅनेलची वेगळी. एफनिर्ससाठी ऑप्टोडची, म्हणजे दिवे आणि डिटेक्टर यांची, वेगळी आणि चॅनेलची वेगळी. ज्यांनी हे लिहिलं त्यांना तुमचं चौथ्या ओळीचं भांडण आधीच सापडलं होतं. इलेक्ट्रोड किंवा ऑप्टोड म्हणजे डोक्यावर हात लावून दाखवता येणारी वस्तू. चॅनेल म्हणजे नोंदवलेला सिग्नल. @तारायंत्र, तुमचं 'एक इलेक्ट्रोड, एक चॅनेल' तिथे बसत नाही हो.

तारायंत्र

हं. दोन दिवस विचार करून लिहितोय.

फाईलबाबूंचं बरोबर आहे आणि मला ते आधी सुचायला हवं होतं. आम्ही 'सी३ (डोक्यावरच्या एका जागेचं नाव) चा सिग्नल' म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात तो सी३ आणि रेफरन्स इलेक्ट्रोड यांच्यातला व्होल्टेजचा फरक असतो. एका बिंदूला व्होल्टेज नसतंच, कायम दोन बिंदूंमध्ये असतं. रेफरन्स सगळ्यांचा एकच असल्यामुळे आम्ही त्याचं नाव घ्यायचं विसरून गेलो आणि सी३ एकटाच चॅनेल असल्यासारखं बोलायला लागलो. रुग्णालयातल्या बायपोलर माँटेजमध्ये तर उघड उघड 'एफ३-सी३', 'सी३-पी३' अशा जोड्याच लिहितात. म्हणजे आमचाही चॅनेल जोडीचाच. तुमच्याकडे दिवा-डिटेक्टर, आमच्याकडे इलेक्ट्रोड-रेफरन्स. तीन आठवडे ज्यावर भांडताय ती व्याख्या दोन्हीकडे एकच निघाली, आणि हे मी वीस वर्षं ईईजी करून आत्ता म्हणतोय.

एक फरक मात्र राखून ठेवा. आमची जोडी सॉफ्टवेअरमध्ये मागाहून बदलता येते, रेफरन्स बदला की सगळे चॅनेल नवे. तुमची बदलता येत नाही, प्रकाश ज्या दोघांमधून गेला ते गेले.

अवरक्ता

@तारायंत्र, _/\_

लगेच मसुदा केला. फाडा.

"चॅनेल: डोक्यावरच्या दोन ठिकाणांच्या जोडीतून नोंदवलेला एक सिग्नल. एफनिर्समध्ये ही जोडी एक सोर्स आणि एक डिटेक्टर यांची, नोंदणीच्या वेळीच पक्की होणारी. ईईजीमध्ये इलेक्ट्रोड आणि रेफरन्स यांची, किंवा दोन इलेक्ट्रोडची. ही नंतर बदलता येते. चॅनेलची 'जागा' म्हणून दिलेला बिंदू ही सोयीची खूण असते, तिथे कुठलंही उपकरण असेलच असं नाही. सोर्स या शब्दाआधी 'प्रकाश-' किंवा 'मेंदू-' लावल्याशिवाय तो एकटा वापरू नये."

गणितकिडा

एक भोक आहे. दिवा दोन तरंगलांबींचा असतो ना? मग एका जोडीतून कच्चे सिग्नल दोन, आणि हिशोबानंतर ऑक्सी-डीऑक्सी असे पुन्हा दोन. 'एक सिग्नल' कसा? माझ्या मॉडेलमध्ये ४४ रांगा घालू की ८८?

फाईलबाबू

+१. बिड्सच्या चॅनेल-फाईलमध्ये तरंगलांबीगणिक वेगळी ओळ असते. तुमच्या ४४ जोड्यांच्या तिथे ८८ ओळी होतात.

अवरक्ता

खरंय. 'जोडी' आणि 'चॅनेल' वेगळे करते. ४४ जोड्या, ८८ चॅनेल. पेपरात मात्र लोक ४४ च लिहीत राहणार, तेव्हा 'साहित्यात अनेकदा जोडीलाच चॅनेल म्हटलेलं आढळतं' अशी ओळही टाकते. आपल्याला जो अर्थ नको आहे तोही नोंदीत हवाच, वाचणाऱ्याला तोच भेटणार आहे.

नाडीवाले

याच नोंदीत 'शॉर्ट चॅनेल', म्हणजे दिवा आणि डिटेक्टर मुद्दाम अगदी जवळ ठेवलेली जोडी, घेणार का? आमच्याकडे नवजात बाळांवर काम चालतं. मोठ्यांच्या पेपरांतून उचललेलं वाक्य सारखं दिसतं, 'शॉर्ट चॅनेलमध्ये फक्त कातडीचा सिग्नल येतो'. बाळाची कवटी केवढीशी, त्याच अंतरावर प्रकाश मेंदूत पोचलेला असतो. मग तो सिग्नल 'कचरा' म्हणून वजा करायचा आणि सोबत मेंदूही वजा करायचा, असं होतं.

अवरक्ता

हो, घ्यायलाच हवं. २०१५ मध्ये ब्रिगादोई आणि कूपर यांनी नेमका हाच प्रश्न तपासला होता: मोठ्यांसाठी योग्य अंतर ८.४ मिलिमीटर निघालं, नुकत्याच जन्मलेल्या पूर्ण दिवसांच्या बाळासाठी २.१५. म्हणून व्याख्येत मिलिमीटरचा आकडा घालत नाही, उद्देश घालते: 'मेंदूपर्यंत जवळजवळ न पोचणारी, वरच्या थरांचाच सिग्नल टिपण्यासाठी मुद्दाम जवळ ठेवलेली जोडी, अंतर वयावर आणि डोक्यावरच्या जागेवर अवलंबून'. चालेल?

नाडीवाले

चालेल. 'जवळजवळ' काढू नका.

मनकवडी

चौथी ओळ झाली म्हणायची? पाचवी कुठली?

अवरक्ता

झाली, हिरवी केली. पाचवी 'बेसलाइन'.

मनकवडी

काम सुरू व्हायच्या आधीची, दोन कामांमधल्या विश्रांतीची, की औषध देण्यापूर्वीच्या भेटीतली?

तारायंत्र

आमच्याकडे उद्दीपनाच्या आधीचे २०० मिलिसेकंद.

गणितकिडा

माझ्याकडे रिग्रेशनमधला स्थिरांक.

खडूस

बेसलाइनसाठी वेगळा धागा काढा.